यंत्राला देहभान? रोबोटने स्वतःचा आकार कसा शोधला

निसर्गातल्या निवडीसारखी निवड करून यंत्ररचना सुधारायचे प्रयोग जर्मनीत १९६०च्या दशकातले. १९९४मध्ये संगणकाच्या पडद्यावर ठोकळ्यांचे जीव पिढ्यान्‌पिढ्या निवडीतून पोहू-चालू लागले. २०००मध्ये तशा रचना प्लास्टिकमध्ये घडून जमिनीवर सरकल्या. पण आपलं अंग कसं आहे, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

खरं वळण २००६चं. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत चार पायांच्या, आठ मोटरसांध्यांच्या रोबोटला स्वतःचे सुटे भाग माहीत होते, जोडणी माहीत नव्हती. तो एक हालचाल करी, अंग किती कललं ते मोजी आणि आपल्या आकाराचे अनेक अंदाज बांधी. जुळणारे अंदाज टिकत, थोडे बदलून पुढच्या पिढीत जात. पुढची हालचाल कोणती? जिच्याबद्दल अंदाजांचं आपसात सगळ्यात कमी पटे ती. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत आधी पॅटर्न म्हणजे वस्तूचा नमुना, मग वाळूचा साचा, मग कास्टिंग म्हणजे ओतीव वस्तू. इथे कास्टिंग हातात होतं आणि ते हलवून हलवून पॅटर्न ओळखायचा होता. पायाचा तुकडा काढल्यावर त्याने नवा अंदाज बांधला आणि लंगडत वाट धरली. उत्क्रांती झाली ती अंदाजांची, धातूची नव्हे. बातम्यांत नेमकं हेच निसटलं.

निसटलं ते बातम्यांनी अशा रोबोटला लावलेल्या 'सेल्फ-अवेअर' या शब्दामुळे. बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या मुलांचं इंजिनीअरिंग इंग्रजीत, बाहेरचे व्यवहार कन्नडमध्ये आणि घरचं बोलणं मराठीत. त्यामुळे हा शब्द समजावताना पटकन 'जाणीव' म्हटलं जातं. ते चूक आहे. जाणिवेत दुखणं येतं. पाय तुटल्यावर त्या रोबोटला काही दुखलं नाही, अपेक्षित कल आणि मोजलेला कल जुळेना, एवढंच. कन्नडमधला 'अरिवु' तर शरणांच्या वचनसाहित्याच्या परंपरेतला, आत्मज्ञानाकडे नेणारा. तो इथे फार जड होतो. 'स्व-प्रतिमान', म्हणजे स्वतःच्या अंगाचा आराखडा, हे अचूक, पण ते कुणाच्या तोंडी नाही. 'भान' चालेल. बांधावरून जाणाऱ्याला आपण 'भान ठेवून चाल' म्हणतो, तेव्हा पाय कुठे पडतोय एवढंच सांगायचं असतं.

२०१५मध्ये सहा पायांच्या रोबोटने वेगळा मार्ग घेतला. आधीच सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकलेत, उत्क्रांत झालेल्या हजारो चाली त्याच्याजवळ होत्या. काय मोडलं हे न शोधताच दोन मिनिटांच्या आत त्याने चालण्याजोगी चाल निवडली. २०१९ आणि २०२२च्या रोबोटिक हातांनी स्वतःचं प्रतिमान शिकलं ते न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणांतून शिकणाऱ्या संगणकप्रणालीने. २०२२च्या हाताभोवती पाच कॅमेरे होते. उत्क्रांती तिथे मागे पडली, 'सेल्फ' मात्र मथळ्यांत टिकून आहे.