चांगले जीन्स आणि जुळणारे जीन्स

परवा भाचीनं मोबाइलवर एका मुलाचा फोटो दाखवला आणि म्हणाली, "मावशी, जीन्स बघ ना याचे!" उंच, रेखीव जबडा, दाट केस. तो तिला आवडला होता, एवढंच तिला सांगायचं होतं. माझ्या आईनं याच गोष्टीला 'रक्त चांगलं आहे' म्हटलं असतं. मी आणि माझी बहीण तरुण होतो तेव्हा जीन्स, म्हणजे जनुकं, हा शब्द जीवशास्त्राच्या तासाबाहेर क्वचितच ऐकू यायचा.

मी आनुवंशिक आजारांबाबत समुपदेशन करते. लग्नाआधी तपासणी करून घ्या असं सुचवलं की दोन तऱ्हेची माणसं भेटतात. वयस्कर माणसं दुखावतात: "आमच्यात खोट आहे असं म्हणायचंय का?" तरुण उत्साहानं विचारतात, "म्हणजे माझे जीन्स किती चांगले ते कळेल?" दोघांचाही घोटाळा एकच आहे. चांगले जीन्स ही एका माणसाला दिलेली पदवी आहे. जुळणारे जीन्स हा दोन माणसांबद्दलचा प्रश्न आहे.

पहिल्या कल्पनेचा इतिहास वाईट आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टननं 1883 मध्ये तिला 'युजेनिक्स' हे नाव दिलं, मराठीत सुप्रजननशास्त्र. 1920 मध्ये अमेरिकेत कॅन्ससच्या जत्रेत 'सुदृढ कुटुंब' स्पर्धा भरली आणि जनावरांसारखी कुटुंबंही तपासून त्यांना बक्षिसं दिली गेली. त्याआधीच, 1907 मध्ये, इंडियाना राज्यानं सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता. जर्मनीत 1933 च्या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. माणसांना वरचे-खालचे ठरवणं एकदा सुरू झालं की ते कुठवर जातं, हे त्या पिढीनं पाहिलं. म्हणून 1947 मध्ये अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ शेल्डन रीड यांनी 'जेनेटिक कौन्सेलिंग', म्हणजे आनुवंशिक समुपदेशन, हा शब्द घडवला तो त्या परंपरेपासून फारकत घेण्यासाठीच. मला माझ्या कामाचा हा उगम फार मोलाचा वाटतो.

दुसरी कल्पना कागदावर चटकन कळते. मी पुरुषासाठी चौकोन काढते, बाईसाठी वर्तुळ. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक, म्हणजे त्या आजाराच्या जीनची एकच प्रत असलेला, असेल तर ती आकृती अर्धीच रंगवायची. अर्धी रंगवलेली आकृती म्हणजे आजारी माणूस नव्हे. तो ठणठणीत असतो, धावतो, दिसायला देखणाही असू शकतो. फार तर रक्ताच्या अहवालात लाल पेशी लहान दिसतात आणि एचबी ए-टू हा हिमोग्लोबिनचा एक प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर असतो. चेहऱ्यावर यातलं काहीच उमटत नाही. वाहक नसलेल्या जोडीदाराशी त्याचं लग्न झालं तर मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचं गंभीर रूप, होत नाही. दोन्ही आकृत्या अर्ध्या रंगलेल्या असतील तर मात्र प्रत्येक गरोदरपणात नव्यानं 25 टक्के शक्यता. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याची जोखीम कमी होत नाही, हे मी प्रत्येक जोडप्याला दोनदा सांगते, कारण पहिल्यांदा ते डोक्यात शिरत नाही.

इथे 'खोट' कुणात आहे? कुणातच नाही. असे अर्धे रंग जवळजवळ प्रत्येकाच्या आकृतीत कुठे ना कुठे असतात, फक्त वेगवेगळ्या आजारांचे.

मग आकर्षणाचं काय? माणसाचं नाक नकळत जुळणारे जीन्स शोधतं, असाही दावा झाला. 1995 मध्ये स्विस जीवशास्त्रज्ञ क्लाउस वेडेकिंड यांनी मुलांनी दोन रात्री घातलेले टी-शर्ट मुलींना हुंगायला दिले. ज्यांचे प्रतिकारशक्तीचे जीन्स आपल्यापेक्षा वेगळे, त्यांचा वास मुलींना जास्त आवडला. पण नंतरच्या अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत, त्यामुळे यावर भरवसा ठेवून निर्णय घ्यावा असं मी कुणाला सांगणार नाही. उंची बरीचशी आनुवंशिक असते हे खरं. पण उंचीवरून वाहकपणा ओळखता येत नाही.

रूपाला आलेलं महत्त्व मात्र खरोखर वाढलं आहे. अमेरिकेतल्या कॉलेज विद्यार्थ्यांना 1939 पासून काही वर्षांच्या अंतरानं तोच प्रश्न विचारला गेला: जोडीदारात काय हवं, 18 गुणांपैकी क्रम लावा. 1939 मध्ये मुलांच्या यादीत देखणेपण चौदावं होतं, 1996 मध्ये आठवं. मुलींच्या यादीत सतरावरून तेरावर आलं. पण त्याच काळात परस्पर प्रेम दोन्ही याद्यांत पहिल्या क्रमांकावर गेलं. नव्या पिढीला फक्त दिसणं कळतं, असं म्हणणाऱ्यांनी ही दुसरी ओळही वाचावी.

जुळणी म्हणजे नेमकं काय, याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण माझ्या मते न्यूयॉर्कच्या ज्यू समाजातलं आहे. टे-सॅक्स या लहान मुलांच्या जीवघेण्या आनुवंशिक आजारानं स्वतःची मुलं गमावलेल्या रब्बी (ज्यू धर्मगुरू) जोसेफ एक्स्टाइन यांनी 1983 मध्ये 'दोर येशोरिम' ही संस्था सुरू केली. तिथे मुलामुलींची तपासणी स्थळं बघायच्या आधीच होते, प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो, पण निकाल सांगत नाहीत. स्थळ आलं की दोघांचे क्रमांक कळवायचे. जोडी जुळते की नाही, एवढंच उत्तर येतं.

सायप्रसमध्ये साधारण सात माणसांत एक थॅलेसेमियाचा वाहक आहे. तिथे लग्नाआधीची तपासणी रूढ झाली आणि आजारी मुलं जन्मण्याचं प्रमाण जवळजवळ शून्यावर आलं. दोघंही वाहक निघालेली बहुतेक जोडपी मात्र वेगळी झाली नाहीत. त्यांनी लग्न केलं आणि गरोदरपणात गर्भाची तपासणी करून घेतली.