कर्जदाराचा स्वभाव मोजण्यामागचा इतिहास

छोट्या व्यावसायिकाकडे बहुधा तपासलेला ताळेबंद नसतो, तारण नसतं आणि धंदा व घरखर्च एकाच खिशातून चालतो. त्यामुळे कर्ज देणारा शेवटी माणूसच पाहतो. सायकोमेट्रिक चाचण्यांनी, म्हणजे प्रश्नावलीतून स्वभाव आणि क्षमता मोजणाऱ्या चाचण्यांनी, हे नव्याने सुरू केलेलं नाही. माणूस कोणी पाहायचा आणि ते कसं नोंदवायचं, एवढंच बदललं.

१८३७ च्या आर्थिक संकटात न्यूयॉर्कच्या टॅपन बंधूंची रेशमाची पेढी बुडाली. त्यातल्या लुईस टॅपनने १८४१ मध्ये व्यापाऱ्यांची पत कळवणारी मर्कंटाइल एजन्सी काढली. गावोगावचे वार्ताहर, त्यांत वकील बरेच, दुकानदारांविषयी चार ओळी पाठवत: काटकसरी आहे का, दारू पितो का, शब्द पाळतो का. माहिती उपयोगी होती, पण वार्ताहराचा आकसही तिच्याबरोबर वहीत उतरायचा. १९१२ मध्ये अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे बँकर जे. पी. मॉर्गन यांनी पैशाअडक्याच्या आधी चारित्र्य येतं असं सांगितलं. ते मोजायचं कसं, हा प्रश्न तिथेही तसाच राहिला.

मोजमाप आलं ते दुसऱ्याच वाटेने. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांची १९३६ ची वर्गीकरणाची पद्धत संशोधक डेव्हिड ड्युरंड यांनी १९४१ मध्ये, चांगली आणि बुडीत कर्जं वेगळी ओळखण्यासाठी, हप्त्यांच्या कर्जांना लावली, आणि १९५८ मध्ये फेअर-आयझॅक कंपनीने पहिलं स्कोअरकार्ड, म्हणजे अर्जातल्या माहितीला गुण देणारा तक्ता, विकलं. स्वभावाऐवजी नोकरीची वर्षं, पत्ता किती जुना, असे आकडे आले. १९९० च्या दशकात छोट्या उद्योगांच्या कर्जांवर हे तंत्र वापरताना दिसलं, की दुकानाच्या हिशोबापेक्षा मालकाची स्वतःची परतफेड जास्त सांगून जाते. पण ज्याने कधी कर्जच घेतलं नाही, त्याचं काय? बांगलादेशात ग्रामीण बँकेने, १९७६ च्या प्रयोगापासून, गटकर्जातून शेजाऱ्यांच्या माहितीचा आधार घेतला. एकट्याला मोठी रक्कम हवी असली की मात्र गट अपुरा पडतो.

२००६ मध्ये हार्वर्डमध्ये असीम ख्वाजा आणि बेली क्लिंगर यांनी एंटरप्रेन्युरियल फायनान्स लॅब सुरू केली. नोकरभरतीत रुळलेल्या प्रामाणिकपणाच्या चाचण्या, मानसशास्त्रातले 'बिग फाइव्ह' म्हणजे पाच मूलभूत स्वभावगुण आणि आकडे लक्षात ठेवण्याची परीक्षा असं साहित्य तिथे कर्जाच्या कामाला जुंपलं गेलं. पेरूमधल्या एका बँकेतला अभ्यास इथे महत्त्वाचा: पतइतिहास नसलेल्यांना या गुणांवर कर्ज दिल्याने जोखीम न वाढता कर्ज मिळणारे वाढले, इतिहास असलेल्यांच्या बाबतीत दुसरी चाळणी म्हणून वापरल्यास जोखीम घटली. म्हणजे चाचणी जुन्या नोंदींच्या जागी नव्हे, त्या नसतील तिथे किंवा त्यांच्या जोडीला.

खरी गोची प्रश्नावली बनवण्यात नाही. आधी चाचणी घेऊन कर्ज द्यायचं, मग साधारण वर्षभर थांबायचं, आणि ९० दिवसांपेक्षा जास्त थकलेले कोण ते पाहून उत्तरांना वजन द्यायचं. बुडीत खाती थोडी असतील तर वजनं डळमळीत येतात. नाकारलेल्यांनी फेडलं असतं की नाही, हे तर कधीच कळत नाही. शिवाय संशोधनासाठी भरलेली उत्तरं आणि कर्ज मिळवण्यासाठी भरलेली उत्तरं यांत फरक पडतो. दुसऱ्या वेळी प्रत्येक जण वक्तशीर आणि शिस्तीचा असतो! पहिल्या प्रकारच्या माहितीवर बांधलेलं मॉडेल म्हणूनच शाखेत फसतं. यावर उपाय म्हणजे दोन सारख्याच चांगल्या वाक्यांतून एक निवडायला लावणं, 'इतर दुकानदार असं किती वेळा करतात' असं आडून विचारणं, उत्तराला लागलेला वेळ नोंदवणं. यातलं काहीच टिकत नाही, जर कर्जवसुलीचं नव्हे तर वाटपाचं लक्ष्य असलेला अधिकारी शेजारी बसून उत्तरं सुचवत असेल. एकाच शाखेतल्या अर्जांची उत्तरं संशयास्पद सारखी आली, तर आधी तिथे पाहावं.

कायद्याचा पेच वेगळाच. अमेरिकेत समान कर्जसंधीच्या १९७४ च्या कायद्यात १९७६ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून नाकारलेल्या अर्जदाराला नेमकी कारणं मागता येतात. उत्पन्न अपुरं आहे असं लिहिता येतं. बाविसाव्या प्रश्नाला लागलेला वेळ हे कारण म्हणून लिहिणं कठीण, आणि ते वाचून अर्जदाराने सुधारायचं तरी काय?