तार अडवण्याचा अधिकार : इंटरनेटबंदीची जुनी मुळे

१० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून हिंसाचार झाला. एकाचा जीव गेला आणि सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद करण्यात आले. अशी बंदी आली की भाजीवाल्याच्या क्यूआर कोडपासून सेतू केंद्रातल्या दाखल्यांपर्यंत सगळे थांबते, आणि ज्यांचा दंगलीशी काडीचाही संबंध नाही त्यांचेही हाल होतात. सरकारला हा अधिकार आला कुठून, याचा शोध घ्यायला थेट तारायंत्राच्या काळात जावे लागते.

१८६५ साली युरोपातले देश पॅरिसमध्ये जमले आणि सीमेपलीकडे तारा कशा पाठवायच्या याचा करार त्यांनी केला. आज संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली असलेली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना, म्हणजे आयटीयू, त्यातूनच उभी राहिली. राज्याच्या सुरक्षेला धोका किंवा कायदा, सुव्यवस्था, नीतिमत्तेला बाधा वाटेल अशी खासगी तार अडवण्याची मुभा त्या करारातच सरकारांनी स्वतःकडे राखून ठेवली. हे कलम शब्द बदलत आजही संघटनेच्या घटनेत आहे. आंतरराष्ट्रीय सेवा बंद केली तर इतर सदस्य देशांना ताबडतोब कळवावे, असे बंधनही तिथे आहे. ज्याचा संदेश अडला त्या नागरिकाला कारण सांगण्याचे बंधन मात्र नाही.

भारत १८६९ पासून या संघटनेत आहे, म्हणजे अर्थातच इंग्रजांचा भारत. १८८५ च्या तार कायद्याने हाच अधिकार इथे आणला: सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता हे कारण दाखवून संदेश रोखता येऊ लागले. बेचाळीसच्या चळवळीत सातारा जिल्ह्यात, ज्यात तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही होता, भूमिगत कार्यकर्त्यांनी तारा तोडल्या त्या याच यंत्रणेच्या. कायदा स्वातंत्र्यानंतरही तसाच राहिला.

इंटरनेट या करारांच्या बाहेर वाढले. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर सुरू झालेले हे जाळे विद्यापीठांनी आणि अभियंत्यांनी वाढवले. संकेतस्थळांची नावे आणि पत्ते यांचा कारभार १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आयकॅन या ना-नफा संस्थेकडे गेला, पण तिच्यावर देखरेख अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची. साऱ्या जगाच्या पत्त्यांची वही एकाच देशाच्या नजरेखाली का, हा प्रश्न २००३ ला जिनिव्हात आणि २००५ ला ट्युनिसमधल्या जागतिक परिषदेत जोरात आला. अमेरिका हटली नाही. तडजोड म्हणून सरकारे, कंपन्या आणि नागरी संघटना यांनी एकत्र बसून बोलायचे एक वार्षिक व्यासपीठ निघाले. २००८ ला त्याची बैठक हैदराबादेत झाली. निर्णय घेण्याचा अधिकार त्याला नाही.

ऑक्टोबर २०११ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांत ५० देशांच्या समितीचा प्रस्ताव मांडला. इंटरनेटच्या धोरणावर सरकारांचे वर्चस्व येईल म्हणून देशातही त्याला विरोध झाला. मग डिसेंबर २०१२ मध्ये दुबई. आयटीयूचे १९८८ चे नियम सुधारायला देश जमले. रशिया, चीन आणि काही अरब देशांना इंटरनेट त्या नियमांखाली हवे होते. अमेरिका आणि युरोपचा त्याला सक्त विरोध होता. शेवटी ८९ देशांनी सही केली, ५५ देशांनी केली नाही. भारतही तेव्हा सही न करता परतला. पुढच्याच वर्षी अमेरिकी गुप्तचर संस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी पाळतीची कागदपत्रे उघड केली आणि मुक्त इंटरनेटच्या नावाने दुबईत भांडणाऱ्यांची नैतिक बाजू लंगडी पडली. ऑक्टोबर २०१६ मध्ये वाणिज्य खात्याची देखरेख अखेर संपली.

मला खटकते ते असे, की या साऱ्या वर्षांत भांडण प्रामुख्याने पत्त्यांच्या वहीचे झाले. जोडणीच तोडण्याचा अधिकार तितक्या जोराने कुणी प्रश्नाखाली आणला नाही, कारण तो बहुतेक सगळ्याच सरकारांना हवा होता. जानेवारी २०११ मध्ये इजिप्तने जवळपास अख्ख्या देशाचे इंटरनेट बंद केले, तेव्हा जग हादरले. त्यानंतर बंदीची सवय पसरत गेली. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या ॲक्सेस नाऊ या संघटनेच्या मोजणीत २०१८ पासून २०२३ पर्यंत दरवर्षी सर्वाधिक बंद्या भारतात झाल्या.

आपल्याकडे आधी जमावबंदीच्या कलम १४४ चा आधार घेतला जाई. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच १८८५ च्या कायद्याखाली वेगळे नियम आले: आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा हवा, आणि त्याची तपासणी समितीने करायला हवी. काश्मीरच्या बंदीवरून झालेल्या अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बेमुदत बंदी चालणार नाही, ती गरजेपुरतीच असावी आणि आदेश प्रसिद्ध करावेत. त्याच वर्षी १५ दिवसांची कमाल मर्यादा नियमात आली. साताऱ्यातली बंदी याच चौकटीतली.

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने १८८५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा केला. सेवा थांबवण्याचा अधिकार नव्या कायद्याच्या कलम २० मध्ये आहे, कारणे तीच: सार्वजनिक आणीबाणी आणि सार्वजनिक सुरक्षितता. अफवा रोखायला काही तास बंदी लागू शकते, हे मी नाकारत नाही. पण एका गावातल्या घटनेसाठी अकरा तालुके का बंद ठेवायचे, याचे लेखी कारण फलटणच्या दुकानदाराला आणि पाटणच्या विद्यार्थ्याला त्याच दिवशी वाचायला मिळाले पाहिजे. भसीन खटल्याच्या निकालावर बोट ठेवून ते मागण्याचा हक्क आज प्रत्येकाला आहे.