आयवार, लेबल आणि देशाचं नाव : थोडी पार्श्वभूमी

नॉर्थ मॅसेडोनिया म्हणजे जेमतेम 18 लाख वस्तीचा देश, समुद्र नाही, शेजाऱ्यांशी कुरबुरी कायमच्या. तिथून भाजलेल्या लाल मिरचीची पेस्ट, म्हणजे आयवार, काचेच्या बरण्यांत भरून जर्मनी, स्वित्झर्लंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंत जाते. ती विकायला जो त्रास पडला त्यातला बराचसा लेबलवर देशाचं नाव काय छापायचं यावरून पडला, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं म्हणून हे लिहितोय.

जुना इतिहास थोडक्यात. मिरची मूळची अमेरिकेतली, ऑटोमन काळात बाल्कनमध्ये रुजली. आयवारला लागते ती कापिया, लांबट, जाड गराची, गोडसर. देशाच्या आग्नेयेला स्ट्रुमित्साचा पट्टा आहे, तिथे मिरचीची मोठी शेती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गल्लोगल्ली मिरच्या भाजल्या जातात, मग भरताच्या वांग्यासारखी साल सोलायची, बिया काढायच्या, दळायचं आणि सूर्यफुलाचं तेल, मीठ घालून तासन्तास ढवळत आटवायचं. कोणी वांगं घालतं, कोणी अजिबात नाही म्हणतं, तो वाद घरोघरचा आहे. शेजारी बल्गेरियात ल्युतेनित्सा ही अशीच मिरचीची पेस्ट, आणि सर्बियातल्या लेस्कोवाक गावचा घरगुती आयवार, ज्याच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. म्हणजे पदार्थ एकट्या मॅसेडोनियाचा नाही, पण तिथल्या मिरचीला तोड नाही असं माझं मत आहे.

फॅक्टरीत करताना मुख्य प्रश्न टिकण्याचा. मिरचीला आंबटपणा कमी, आणि वरून तेल, त्यामुळे बंद बरणीत बोटुलिझमचा, म्हणजे जंतूंमुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा, धोका असतो. म्हणून व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिड घालून पीएच 4.6 च्या खाली आणतात, मग पाश्चरायझेशनवर भागतं आणि बरणी फ्रिजशिवाय टिकते. अॅसिड कमी ठेवायचं तर प्रेशरमध्ये 121 डिग्रीच्या आसपास तापवावं लागतं, त्यात भाजल्याचा वास मरतो. हाताने सोललेली मिरची महाग पडते, मशीनने सोलली की साल आणि बिया राहून जातात, आणि घरचा आयवार खाल्लेल्या माणसाला ते लगेच कळतं.

गिऱ्हाईक मात्र आधीपासून तयार होतं. मॅसेडोनिया तेव्हा युगोस्लाव्हियाचा भाग, त्यामुळे त्याची पूर्ण बाजारपेठ होती, शिवाय 1968 मध्ये पश्चिम जर्मनीशी कामगारांचा करार झाला आणि लाखो लोक तिकडे गेले, त्यांना गावची चव हवीच होती. 1991 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि सगळंच बिघडलं. उत्तरेला उरलेल्या युगोस्लाव्हियावर 1992 पासून यूएनचे निर्बंध, म्हणजे नेहमीचा रस्ता बंद, आणि दक्षिणेला ग्रीसने फेब्रुवारी 1994 मध्ये एम्बार्गो, म्हणजे व्यापारबंदी, लावला, थेस्सलोनिकीचं बंदर गेलं. तो ऑक्टोबर 1995 पर्यंत चालला. नाशवंत माल करणाऱ्या देशाचं बंदरच बंद करणं हा माझ्या मते सरळसरळ गळा दाबण्याचा प्रकार होता, ग्रीसची बाजू काहीही असो.

ग्रीसचा आक्षेप नावाला होता. त्यांच्या उत्तर भागाचं नाव मॅसेडोनिया, आणि तिथेही फ्लोरिनाची लाल मिरची भाजून बरण्यांत विकतात. 1993 मध्ये यूएनमध्ये प्रवेश मिळाला तो 'माजी युगोस्लाव्ह रिपब्लिक ऑफ मॅसेडोनिया' अशा लांबलचक नावाने. ग्रीसशी झालेल्या 1995 च्या तात्पुरत्या करारात तर दोन्ही देशांची नावंच नव्हती, 'पहिला पक्ष' आणि 'दुसरा पक्ष' एवढंच. आता असं नाव छोट्या बरणीच्या लेबलवर कसं बसवायचं, आणि बसवलं तरी दुकानात कोणाला काय कळणार?

मग जून 2018 मध्ये ग्रीसशी नावाबद्दलचा प्रेस्पा करार झाला, फेब्रुवारी 2019 पासून देश नॉर्थ मॅसेडोनिया झाला. बातम्यांमध्ये वाद मिटला असंच आलं, पण धंद्यासाठी त्यात एक गाठ राहिली. भाषा मॅसेडोनियन, लोकांना आपल्याला मॅसेडोनियन म्हणवून घ्यायची मुभा, सरकारी संस्थांना मात्र नवं पूर्ण नावच लावायचं. आणि 'मॅसेडोनियन आयवार'? ते ना भाषा, ना सरकारी खातं. खाजगी लोकांना हा शब्द वापरायची सूट दिली, तीही सरकारी पैसा घेत नसतील तर, आणि त्यातून कंपन्यांची नावं, ट्रेडमार्क, ब्रँड पुन्हा बाजूला काढून तज्ज्ञांच्या गटाकडे सोपवले. गट 2019 मध्ये नेमायचा आणि तीन वर्षांत काम संपवायचं असं करारातच लिहिलेलं. म्हणजे ज्या शब्दावर बरणी खपते तोच शब्द नंतर बघू म्हणून ठेवला. सही करणाऱ्यांना घाई होती हे मान्य, पण मिरची सोलणाऱ्यांचा विचार शेवटी झाला, हेही खरं. बारकोडच्या सुरुवातीचा, देश दाखवणारा 531 हा आकडा तेवढा तसाच राहिला, आणि एमके हा देशाचा कोडही, गाड्यांच्या नंबरप्लेटचा अपवाद सोडला तर.

युरोपचं दार मात्र त्याआधीच किलकिलं झालं होतं. युरोपियन युनियनशी एप्रिल 2001 मध्ये करार झाला, 2004 मध्ये पूर्ण लागू झाला, आणि बऱ्याच मालावरची ड्युटी गेली. पण ड्युटी गेली की सुपरमार्केटच्या अटी येतात, ऑडिट, औषधफवारणीच्या अंशाची तपासणी, वेळेवर माल. छोट्या कारखान्याला सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्याच्या ब्रँडखाली माल भरून देणं, किंवा भाजलेली मिरची अर्धवट तयार मालासारखी विकणं. पैसे लवकर मिळतात, पण मधला नफा ज्याचं लेबल त्याच्याकडे जातो. स्वतःच्या नावाने विकायचं तर 'मॅसेडोनियन' हा एकच शब्द जर्मनीतल्या जुन्या गिऱ्हाइकाला ओळखीचा, आणि नेमका त्याच शब्दाचा निकाल 2018 मध्ये लावला गेला नाही.