माहितीपटासारखा चित्रपट आणि माहितीपट: ‘कोर्ट’ व ‘जय भीम कॉम्रेड’

‘कोर्ट’ अगदी माहितीपटासारखा वाटतो, हे वाक्य स्तुती म्हणून ऐकू येते तितकेच तक्रार म्हणूनही ऐकू येते. स्तुती करणाऱ्याला त्यातला अस्सलपणा भावलेला असतो, तर तक्रार करणाऱ्याला कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसल्याचा आणि कोणालाच कसली घाई नसल्याचा कंटाळा आलेला असतो. ‘जय भीम कॉम्रेड’बद्दल मात्र नेमका उलटा आक्षेप घेतला जातो. तो एकांगी आहे, त्यात गाणी फार आहेत, माहितीपटाने कसे तटस्थ असावे, असे पुष्कळांचे म्हणणे असते. माझ्या मते ही दोन्ही मते एकाच गैरसमजातून येतात. माहितीपट म्हणजे चित्रणाची एक शैली, संथ, कोरडी आणि तटस्थ, असे आपण धरून चाललो आहोत. तसे असते तर ‘कोर्ट’ हा माहितीपट ठरला असता आणि ‘जय भीम कॉम्रेड’ ठरला नसता.

या दोन कृतींची गल्लत होण्याला विषयाचेही कारण आहे. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर लोक रस्त्यावर उतरले आणि राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर थोड्याच दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. ‘जय भीम कॉम्रेड’चे दिग्दर्शक आनंद पटवर्धन घोगरे यांना आधीपासून ओळखत होते आणि पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात घोगरे यांचे गाणेही होते. या मृत्यूपासून सुरू झालेले चित्रण चौदा वर्षे चालले आणि 2011 मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्येही एक वयस्क लोकशाहीर आहे आणि एक आत्महत्या आहे, पण येथे शाहिराने आपला जीव दिलेला नसून त्याच्या गाण्यामुळे गटारसफाई करणाऱ्या एका कामगाराने जीव दिला, असा आरोप शाहिरावर ठेवलेला आहे. त्यात भर म्हणजे ‘कोर्ट’मधल्या शाहिराची गाणी संभाजी भगत यांची आहेत आणि तेच संभाजी भगत ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये स्वतः म्हणून दिसतात. नारायण कांबळे या शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार हेही मुळात नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक होते. एवढे सगळे खरे आजूबाजूला असताना प्रेक्षकाने चित्रपटालाही खरेच मानले, तर त्याला फारसा दोष देता येत नाही.

तरीही ‘कोर्ट’मधले काहीही घडलेले नाही, आणि त्याची थोरवी तेथूनच सुरू होते. मृत कामगाराची पत्नी शर्मिला पवार साक्ष देते, तो प्रसंग पाहावा. नवरा गटारात उतरण्याआधी दारू प्यायचा, कारण त्याशिवाय तो वास सोसवत नसे. आत वायू आहे की नाही हे तो खडा टाकून, झुरळे बाहेर येतात का ते पाहून ठरवत असे. त्याचा एक डोळा आधीच गेलेला होता. ती हे सांगते ते रेशनच्या दुकानात पत्ता सांगावा तितक्या सपाट आवाजात. ना हुंदका, ना तिच्या चेहऱ्याकडे झेपावणारा कॅमेरा. उषा बाणे यांनी ही भूमिका अशी केली आहे की, ही बाई कोठून तरी उचलून आणून पिंजऱ्यात उभी केली असावी, असे वाटत राहते. प्रत्यक्षात तिचा शब्दन् शब्द कोणीतरी लिहिलेला आहे आणि तिचे गप्प राहणेही ठरवलेले आहे. अलिप्त दिसणारा कॅमेरा अलिप्त असतोच असे नाही. कोठे उभे राहिले म्हणजे प्रेक्षकाला आपण अलिप्त वाटू, याचा हिशेब त्यामागे असू शकतो, आणि येथे तो निश्चितच आहे.

काल्पनिक असल्याचा दुसरा फायदा म्हणजे चित्रपटाला कोणाच्याही घरात शिरता येते. सरकारी वकील नूतन, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, खालच्या कोर्टात 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्याचा हवाला देऊन शाहिराला आत ठेवण्याची मागणी करते आणि संध्याकाळी लोकलने घरी जाते. वाटेत शेजारच्या बाईशी गप्पा, मुलाला आणणे, मग स्वयंपाक. पुढे ती कुटुंबासह मराठी नाटकाला जाते आणि परप्रांतीयांची टर उडवणाऱ्या विनोदांवर प्रेक्षागृह मनसोक्त हसत असते. या बाईचा राग करावा अशी सोय दिग्दर्शक आपल्याला देत नाही. ती आपल्या ओळखीची आहे, कदाचित नात्यातलीही. बचावाचा वकील व्होरा सुपरमार्केटमध्ये खरेदी करतो, गाडीत जॅझ ऐकतो आणि शर्मिलाला पैसे देऊ करतो, तेव्हा ती ते नाकारून काही काम असेल तर सांगा म्हणते. सुस्थितीतल्या सहानुभूतीची मर्यादा इतक्या कमी शब्दांत मी मराठी पडद्यावर क्वचितच पाहिली आहे. माहितीपटकाराला हे मिळाले नसते. ज्या सरकारी वकिलाच्या युक्तिवादावर तुम्ही टीका करणार आहात, ती तुम्हाला आपल्या स्वयंपाकघरात कॅमेरा कशाला लावू देईल?

माहितीपटाच्या वाट्याला दुसरे काही येते, आणि ते कोणत्याही पटकथालेखकाला लिहून पचवता येणार नाही. ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लोकांबद्दल शिवाजी पार्क परिसरातली मंडळी कॅमेऱ्यासमोर बोलतात. गर्दी, घाण, गैरसोय अशा शब्दांत, संकोच न करता, स्वतःच्या चेहऱ्याने. हेच संवाद एखाद्या कथाचित्रपटात पात्रांच्या तोंडी घातले असते, तर लेखकाने अतिशयोक्ती केली, सवर्णांना मुद्दाम खलनायक केले, असे आपण म्हटले असते. मुंबईचा कचरा उचलणाऱ्या कामगारांची दृश्येही अशीच आहेत; त्यांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची गरजच पडत नाही.

पटवर्धन तटस्थ नाहीत आणि तसा आवही आणत नाहीत. ते कॅमेऱ्यामागून प्रश्न विचारतात, बोचरे विचारतात, आणि कापलेल्या चित्रफितीची मांडणी आपल्या म्हणण्याच्या बाजूने करतात. यात वावगे काय, हे मला कधी कळलेले नाही. जमाव टँकर पेटवून देण्याच्या बेतात होता म्हणून गोळी चालवावी लागली, हा पोलिसांचा बचाव ते प्रेक्षकासमोर ठेवतात आणि तपासतातही. एकांगीपणाचा आरोप करणाऱ्याने हा तपास चुकीचा आहे असे दाखवावे. आवाज चढा आहे एवढे म्हणून भागत नाही. माझी तक्रार निराळी आहे. तीन तासांच्या आसपासच्या या कृतीच्या मधल्या भागात सभा, मिरवणुका आणि राजकीय युत्यांचा तपशील इतका साचतो की विलास घोगरे बराच वेळ नजरेआड होतात. चौदा वर्षांचे चित्रण हाताशी असले की काय वगळावे हे कठीण होत असणार, पण ते काम दिग्दर्शकाचेच आहे.

दोहोंतला खरा फरक मला उत्तरदायित्वात दिसतो. रमाबाई नगरातल्या एखाद्या शोकाकुल आईच्या तोंडी पटवर्धनांनी एक वाक्य जरी पदरचे घातले असते, तरी सबंध माहितीपट त्या एका वाक्यासकट कोसळला असता. ताम्हाणे यांच्यावर ते बंधन नाही, पण त्यांना त्या बदल्यात एक सोय सोडावी लागते. एखादा प्रसंग पटला नाही, तर ‘खरेच असे घडले होते’ म्हणून त्यांना सुटका करून घेता येत नाही. बिनबाह्यांचा पोशाख घालून आलेल्या पक्षकार बाईचे प्रकरण न्यायाधीश ऐकायला नकार देतात, हा प्रसंग पटतो तो चित्रपटाने तोवर उभ्या केलेल्या जगाच्या बळावर. ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी लावून येणारे बरेचसे लोकप्रिय चरित्रपट मला त्यामुळेच खटकतात. प्रसंग रचताना ते कलास्वातंत्र्याचे नाव घेतात आणि रचलेला प्रसंग पचला नाही की इतिहासाचे; दोन्हीकडचे लाभ हवेत, जबाबदारी मात्र कोणतीच नको.

हा फरक शेवटानंतर अधिक उघड होतो. ‘कोर्ट’मध्ये सुट्टी लागल्यावर न्यायदालनातले दिवे एकेक करून बंद होतात आणि रिकामी खोली अंधारात बुडते. चित्रपट तेथे संपला असता तर शोभूनही दिसले असते. ताम्हाणे मात्र आपल्याला न्यायाधीशाच्या सहलीला घेऊन जातात, जेथे खोडी काढून डुलकी मोडणाऱ्या मुलांपैकी हाती लागलेल्याच्या थोबाडीत हे गृहस्थ मारतात. अनेकांना हा जोडलेला भाग अनावश्यक वाटतो. मला तो चित्रपटातला सर्वांत धीट निर्णय वाटतो, कारण निकालाची जी सवय आपण दोन तास काळ्या झग्यात पाहिली, ती येथे अर्ध्या चड्डीतल्या माणसात दिसते. त्यापुढे नारायण कांबळे यांना जामीन मिळाला का, हे विचारण्यात अर्थ नाही, कारण पडद्यापलीकडे तो माणूसच नाही.

‘जय भीम कॉम्रेड’ पाहिल्यावर मात्र पुढचे विचारावेच लागते. गोळीबाराबद्दल पोलीस अधिकारी मनोहर कदम यांना सत्र न्यायालयाने 2009 मध्ये जन्मठेप सुनावली आणि पुढे उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. उत्तरार्धात गाणारे, कबीर कला मंच या पुण्याच्या सांस्कृतिक गटाचे तरुण 2011 मध्ये भूमिगत झाले, आणि त्यांच्यापैकी शीतल साठे व सचिन माळी एप्रिल 2013 मध्ये मुंबईत विधान भवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. यांतली 2013 ची घटना पटवर्धनांच्या कृतीत असणे शक्यच नव्हते, तरी ती जाणून घेतल्यावर शीतल यांच्या गाण्याची तीच दृश्ये मला पुन्हा पाहावी लागली.