गेटला मोटर बसवायची आहे? आधी गेट हाताने ओढून बघा

आमच्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ जणांचा पहिला प्रश्न एकच असतो : "बारा फुटी स्लायडिंग गेट आहे, किती किलोची मोटर घेऊ?" आम्ही फोनवर दर सांगत नाही, आधी गेट बघायला येतो म्हणतो. काहींना ते आवडत नाही. दुसरीकडे दोन मिनिटांत दर मिळतो, मग तुम्हालाच काय अडचण, असं विचारतात. सांगली-मिरजेच्या भागात गेटच्या मोटरी बसवताना आमचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो आणि तुमचे पैसे कुठे अडकतात, ते इथे लिहून ठेवलं आहे.

वजनाचा हिशोब अवघड नाही. १ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला सुमारे ७.८५ किलो भरतो. १२ फूट लांब आणि ५ फूट उंच गेट म्हणजे साडेपाच चौरस मीटरच्या जरा वर. दोन्ही बाजूंनी २ मिलिमीटरचा पत्रा मारला तर नुसता पत्राच पावणेदोनशे किलोच्या घरात जातो. चौकटीचे पाइप, व्हील वगैरे धरून असं गेट अडीचशे किलोच्या आसपास बसतं. त्याला ६०० किलो क्षमतेची, म्हणजे तेवढ्या वजनाचं गेट चालवणारी मोटर भरपूर झाली. तरीही लोक १००० किलोची मागतात, कारण गेट "जड चालतं".

खरी चूक इथे होते. गेट जड असणं वेगळं आणि जड चालणं वेगळं. चांगल्या बेअरिंगच्या व्हीलवर, सरळ ट्रॅकवर अडीचशे किलोचं गेट घरातल्या आजी एका हाताने सरकवू शकतात. सरकत नसेल तर दोष व्हीलमध्ये, ट्रॅकमध्ये किंवा गेट उभं धरणाऱ्या वरच्या गाइड रोलरमध्ये असतो. मोठी मोटर तो दोष काढत नाही, फक्त जोर लावून गेट रेटत राहते.

एका बंगल्यावर आम्हाला बोलावलं होतं. मोटर दुसऱ्यांनी बसवलेली, १००० किलोची, आठ महिन्यांत नायलॉनच्या रॅकचे (मोटर जिच्यावर गेट ओढते त्या दातेरी पट्टीचे) दाते उडालेले. मालकांनी रॅक दोनदा बदलून घेतली होती. आम्ही मोटर चावीने मोकळी केली, म्हणजे गेट हाताने सरकेल अशी सोडवली, सामान तोलायचा हूकवाला काटा गेटला अडकवला आणि ओढलं. काटा ३४ किलोवर गेला तेव्हा गेट हललं. एका व्हीलचं बेअरिंग जाम होतं आणि ट्रॅकचा अँगल (व्हील ज्यावर चालतं ते लोखंड) मधोमध उचलला गेला होता. दोन्ही व्हील बदलली, अँगल काढून पुन्हा लेव्हलमध्ये बसवला. मग तोच काटा ७ किलोवर आला. मोटर तीच आहे, अजून चालते.

अँगल उचलला जाण्याचं कारण आपल्या भागातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावं. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पाडते. ट्रॅकखाली नुसता चार बोटं काँक्रीटचा थर देऊन अँगल बसवला, तर दोन पावसाळ्यांत तो वर-खाली होतोच. काळी माती खणून काढायची, मुरूम भरून ठोकायचा, त्यावर सळई घातलेलं काँक्रीट आणि मग अँगल. हे काम आम्ही करत नाही, तुमचा गवंडी आणि फॅब्रिकेटर करतात. पण आम्हाला आधी बोलावलंत तर त्यांना माप आणि पद्धत सांगून जातो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

जोर लावणाऱ्या मोटरीचा दुसरा धोका जास्त गंभीर आहे. मोटरच्या बोर्डवर जोराची सेटिंग असते. गेटच्या वाटेत काही आलं तर मोटरने थांबावं आणि उलट फिरावं, यासाठी ती सेटिंग कमीत कमी ठेवायची असते. आता गेट हलायलाच तीस किलो लागत असतील तर सेटिंग त्याच्या वर न्यावी लागते. मग मध्ये लहान मूल आलं तरी तो अडथळा मोटरला कळत नाही, ती ढकलत राहते. म्हणून हाताने नीट न चालणाऱ्या गेटला आम्ही मोटर बसवत नाही, ग्राहक नाराज होऊन गेला तरी. वाटेत कोणी आलं की मोटर थांबवणारा समोरासमोरचा सेन्सर आणि दोन्ही टोकांचे स्टॉपरही आमच्या दरातून वगळता येत नाहीत. स्टॉपर नसलेलं गेट लिमिट स्विच (टोकाला मोटर बंद करणारा) चुकला की ट्रॅकवरून उतरतं, आणि अडीचशे किलो लोखंड अंगावर आलं तर काय होईल ते सांगायला नको.

मुलगा-मुलगी अमेरिकेत असलेले काका-काकू तिकडचं गॅरेजचं दार बघून येतात आणि तसंच हवं म्हणतात. ते दार वर सरकतं, मोटर छोटीशी, आवाजही फारसा नाही. पण ते दार खरं उचलते ती वरची स्प्रिंग. मोटरची कडी सोडवली तर बेताच्या ताकदीच्या माणसालाही ते हाताने उचलता येतं आणि मध्येच सोडलं तर तिथेच थांबतं. म्हणजे तिकडेही आधी दाराचा तोल, मग मोटर. तिथल्या नियमाप्रमाणे १९९३ पासून नव्या मोटरीला वाटेतला माणूस ओळखणारा सेन्सर किंवा तशी दुसरी सोय असावीच लागते.

आपल्याकडे गाडीच्या खोलीला रोलिंग शटर असतं, त्यालाही हीच परीक्षा. कमरेइतकं उचलून हळूच सोडा. जागेवर राहिलं तर स्प्रिंग ठीक. धाडकन खाली आलं तर आधी शटरवाल्याकडून स्प्रिंग ताणून घ्या. स्प्रिंगच्या शटरला मधल्या शाफ्टवर बसणारी मोटर पुरते, मोठ्या बिनस्प्रिंगच्या शटरला बाजूची लागते.

दोन पल्ल्यांच्या गेटबद्दल थोडक्यात. पूर्ण पत्र्याचे पल्ले असतील तर वारा त्यांना शिडासारखा ढकलतो आणि वळवाच्या दिवसांत मोटरवर ताण येतो, मध्ये जाळी ठेवा. आत चढ असेल तर पल्ले आत उघडणारच नाहीत, तिथे स्लायडिंगच करा. खांब रुंद असेल तर कोपरासारख्या दुमडणाऱ्या हाताची मोटर बसते, सरळ दांड्याची बसत नाही.

वीज गेल्यावर काय, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. दोन मार्ग आहेत. २३० व्होल्टची मोटर स्वस्त पडते, पण वीज नसताना चावीने मोकळी करून गेट हाताने ओढायचं. (हाताने चालणारं गेट हवं, त्याचं हेही एक कारण.) २४ व्होल्टची मोटर बॅटरीवर चालते आणि टोकाला आल्यावर वेग कमी करते, त्यामुळे गेट आपटत नाही. घरात ज्येष्ठ मंडळी एकटी असतील तर आम्ही २४ व्होल्टचीच सुचवतो, दर जास्त असला तरी. चावी कोणतीही मोटर असो, घरात सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी अडकवा. ती न सापडल्यामुळे येणारे फोन आम्हाला दर महिन्याला असतात.

रिमोट प्रत्येक वेळी कोड बदलणारा घ्या. एकाच कोडच्या रिमोटची नक्कल बाजारात सहज करून मिळते.

पेव्हर ब्लॉक बसवायच्या आधी मात्र नक्की बोलवा. रस्त्याखालून एक इंची दोन पाइप टाकायचे असतात, एक वीज आणि एक सेन्सरच्या वायरसाठी. नंतर ब्लॉक उखडावे लागतात आणि ते पुन्हा तसे बसत नाहीत. मोटरचा काँक्रीटचा ओटा ब्लॉकच्या वर चार ते सहा इंच ठेवा. पाइपची तोंडं आम्ही बंद करून देतो, ती उघडू नका. मुंग्या आणि पाली तिथूनच पेटीत शिरतात, आणि पावसाळ्यात जळालेल्या बऱ्याच बोर्डांत त्याच सापडतात. अर्थिंग चांगलं हवं, ते आम्ही येऊन मोजतो.

आमच्याकडे येण्याआधी एवढंच करा. गेट मध्यभागी आणून सोडून द्या. आपोआप एका बाजूला जायला लागलं तर ट्रॅकला उतार आहे. मग काटा लावून ओढा आणि तो किती किलोवर असताना गेट सरकतं ते लिहून घ्या. दहाच्या आत असेल तर तो आकडा, गेटची लांबी-उंची आणि खालच्या व्हीलचा फोटो पाठवा. मग गेट बघायला न येताही त्याच दिवशी दर सांगू. दहाच्या वर असेल तर आम्ही येऊन बघतो. भेटीचे पैसे घेतो आणि मोटर आमच्याकडून घेतल्यास ते बिलातून वजा करतो.