उभं राहताच उतरणारं बीपी

दवाखान्यात बीपी मोजतात ते खुर्चीवर बसवून. १३०/८० आलं की बीपी छान आहे म्हणून माणूस घरी जातो. त्याच माणसाचा वरचा आकडा सकाळी अंथरुणातून उठून उभं राहिल्यावर १०० च्याही खाली उतरत असेल, तर खुर्चीतल्या मोजणीत ते दिसत नाही. साठीपुढच्या साधारण पाचातल्या एकाला हा त्रास असतो. पुष्कळदा तो कळतो पडल्यावरच.

आडवा माणूस उभा राहिला की अर्धा ते एक लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं, आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी पडतं. मानेतल्या धमनीच्या आणि महाधमनीच्या भिंतीत दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. ती मेंदूला खबर देतात, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि काही सेकंदांत दाब सावरतो. म्हातारपणी यातली प्रत्येक कडी थोडी ढिली होते. धमन्या कडक झाल्याने दाबातला फरक त्या टोकांना नीट जाणवत नाही. ठोके हवे तेवढे वाढत नाहीत. तहान कमी लागते आणि मूत्रपिंडं मीठ-पाणी पूर्वीसारखं धरून ठेवत नाहीत. मधुमेहाने किंवा पार्किन्सनने (कंपवाताने) मज्जातंतूंना इजा झाली असेल, तर सावरण्याची यंत्रणाच लंगडी.

त्यावर औषधांची भर पडते. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन, लघवी वाढवणारी गोळी, छातीत दुखतं म्हणून नायट्रेट, नैराश्यासाठी किंवा मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन, पार्किन्सनसाठी लेव्होडोपा. प्रत्येक गोळी आपल्या जागी योग्य असते, पण ती देणारे डॉक्टर वेगवेगळे असले की एकत्र परिणामाचा हिशोब कुणीच मांडत नाही. सगळ्या गोळ्या एकदा एकाच डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.

भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी, पायांतलं बळ गेल्यासारखं वाटणं ही लक्षणं ओळखीची आहेत. मान आणि दोन्ही खांदे उभं असताना दुखतात आणि आडवं होताच थांबतात, हे लक्षण मात्र मणक्याच्या खात्यावर जमा होतं. अनेकांना काहीच जाणवत नाही. धोका त्यांनाही असतो: पडणं, खुब्याचं हाड मोडणं, बेशुद्ध होणं. ज्यांचं बीपी असं घसरतं त्यांच्यात पक्षाघात, हृदय कमजोर होणं आणि स्मृतिभ्रंश यांचं प्रमाणही जास्त आढळलं आहे. मात्र यात कारण कोणतं आणि सोबती कोणता, हे अजून पुरतं सुटलेलं नाही.

मोजणी घरी करता येते. पाच मिनिटं शांत आडवं पडून बीपी घ्यायचं, मग उभं राहून एका मिनिटाला आणि तीन मिनिटांना पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर निदान पक्कं. उभं असताना हात लोंबता ठेवला की आकडा खोटा वाढतो आणि घसरण झाकली जाते. पट्टा हृदयाच्या पातळीवर राहील असा हात कुणीतरी धरावा. शेजारी माणूस हवाच, भोवळ आली तर मोजणी सोडून लगेच बसवायचं. सकाळी, गोळ्या घेण्याआधी मोजलं तर घसरण सापडण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात अवघड पेशंट म्हणजे ज्यांचं बीपी उभं असताना कमी आणि आडवं असताना जास्त असतं. रात्री आडवं असताना दाब वाढला की मूत्रपिंडं मीठ-पाणी बाहेर टाकतात. माणूस दोन-तीनदा लघवीला उठतो, पहाटेपर्यंत शरीर कोरडं पडतं आणि सकाळचं उठणं सर्वांत धोक्याचं ठरतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटरचे ठोकळे ठेवले तर हे चक्र थोडं मोडतं. नुसत्या उशा वाढवून ते होत नाही, सगळा पलंगच उतरता हवा. आणि उभं राहताना बीपी उतरतं म्हणून बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. वाढलेलं बीपी नीट आटोक्यात ठेवल्याने ही घसरण सहसा वाढत नाही. बदलायचं असतं ते बहुधा औषध किंवा त्याची वेळ.

उठण्याआधी अर्धा लिटर पाणी पाच मिनिटांत प्यायलं तर काही जणांचा दाब तासभर सावरून राहतो. हृदय किंवा मूत्रपिंडं कमजोर असणाऱ्यांनी मात्र पाणी आणि मीठ डॉक्टरांना विचारूनच वाढवावं. आधी पावलं वरखाली हलवायची, मग पाय खाली सोडून एक-दोन मिनिटं बसायचं आणि आधार धरून उठायचं. उभं असताना अंधारी आली तर पाय एकमेकांवर तिढा घालून मांड्या आणि कुल्ले आवळावेत, तेवढ्याने न थांबल्यास सरळ खाली बसावं. गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे फारसे कामाचे नाहीत. रक्त जास्त साचतं पोटात, त्यामुळे पोटपट्टा बरा. तो उठण्याआधी बांधायचा आणि झोपताना काढायचा. भरपेट जेवणानंतर दोन तासांपर्यंत दाब आणखी उतरू शकतो, तेव्हा थोडं थोडं खावं.

एवढ्याने भागलं नाही तर दाब वाढवणारी गोळी, मिडोड्रिन किंवा फ्लुड्रोकॉर्टिसोन, देतात. मिडोड्रिन घेतल्यावर चार तास आडवं व्हायचं नाही, कारण आडव्या अवस्थेत ते दाब फार वाढवतं. म्हणून शेवटची गोळी संध्याकाळच्या आतच. घसरण अचानक सुरू झाली असेल आणि सोबत काळी शौच, छातीत दुखणं किंवा बेशुद्धी असेल, तर घरच्या मोजणीत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावं.